पेज पिऊन गेलेला तलवारवाला

शहापूर आणि मुरबाड तालुक्यांत मी वर्षानुवर्षं सिनेमा दाखवला, पण बसून पाहिला तो एकच. हलवायाच्या घरात जिलबीचं जेवढं कौतुक, तेवढंच मला पडद्याचं. खेळ सुरू होईपर्यंत मी तिकिटाच्या खिडकीत, आणि सुरू झाला की कनातीभोवती फेऱ्या. कनात वर करून कोणी सरपटत आत शिरतंय का बघायचं, वाळूच्या बादल्या भरलेल्या आहेत का बघायचं, आणि कान वीज देणाऱ्या इंजिनाकडे ठेवायचा. इंजिन एका सुरात धडधडत असलं की पडद्यावर कोण रडतंय आणि कोण गातंय याच्याशी मला देणंघेणं नसे.

तंबू माझ्या यजमानांनी काढला. ते गेले तेव्हा तो विकून टाकावा असं सगळ्या नातेवाइकांनी सुचवलं. विकत घ्यायला मात्र कोणी पुढे आलं नाही. माझ्या दोन मुली कल्याणला शाळेत होत्या. तेव्हा मी पदर खोचला आणि दसऱ्यानंतर, भातं कापून झाली की, तंबू घेऊन बाहेर पडू लागले. पाऊस जवळ आला की परत यायचं. शहापूरला रस्ता आहे, जवळ आगगाडी आहे, कचेऱ्या आहेत, त्यामुळे तिथला प्रेक्षक थोडा ऐटीत. मुरबाडला रेल्वे नाही. तिथले लोक बाजाराला यायचे, बाजार उरकून तंबूत शिरायचे, आणि खेळ संपला की कंदील घेऊन वाड्यावस्त्यांवर चालत परतायचे. मला मुरबाडचा प्रेक्षक आवडे. पैसे दिले म्हणजे सिनेमा विकत घेतला असं त्याला वाटत नसे.

बाहेरच्यांना ठाऊक नसतात अशा दोन गोष्टी सांगते. एक म्हणजे आमचा पडदा पातळ असे आणि पडद्यामागेही लोक बसत. तिथलं तिकीट निम्मं. चित्र उलटं दिसे, पण मागच्या लोकांची त्याला हरकत नव्हती. दुसऱ्या दिवशी बाजारात पुढचे आणि मागचे भेटले की भांडणं व्हायची. राजा उजव्या दारानं गेला की डाव्या, यावरून दोघांनी एकमेकांच्या पागोट्याला हात घातलेला मी पाहिला आहे.

दुसरी गोष्ट म्हणजे सांगणारा. तेव्हा वाड्यांवरच्या माणसांना हिंदी अर्धंमुर्धं कळे आणि इंग्रजी मुळीच नाही. आमच्याकडे मारामारीचे इंग्रजी चित्रपटही येत. म्हणून पडद्याच्या बाजूला स्टुलावर माइक घेऊन एक माणूस बसे आणि गोष्ट सांगत जाई. आमचे सांगणारे दामूअण्णा. आधी नाटक कंपनीत पडदे ओढत. आवाज असा की इंजिन बंद पडलं तरी शेवटच्या रांगेला ऐकू जावा. पडद्यावरच्या गोऱ्या घोडेस्वाराला ते खंडेराव म्हणत आणि त्याच्या मैत्रिणीला त्याची मामेबहीण करून टाकत, म्हणजे मग दोघांनी हातात हात घेतला तरी बायकांच्या बाजूनं कोणी नाक मुरडत नसे. लोक अर्धे सिनेमासाठी येत आणि अर्धे दामूअण्णांसाठी. चित्रपट ते आधी कधीच पाहत नसत. "आधी पाहिला तर सांगण्यात मजा काय, वहिनी?" असं त्यांचं म्हणणं होतं.

नवा महाराष्ट्र झाला त्यानंतरच्या एका हिवाळ्यातली ही गोष्ट. मुंबईच्या वितरकाकडे आम्ही तलवारीचा चित्रपट मागितला होता. घोडे, किल्ला, उड्या, असं काहीतरी येईल अशी आमची समजूत. आसनगाव स्टेशनवर पेटी उतरवून घेतली आणि तंबूत आणून उघडली तेव्हा आमचे ऑपरेटर लतीफभाई वरचा कागद बघून म्हणाले, "बाई, ये तो जपान का है."

"तलवार आहे का त्यात?"

लतीफभाईंनी रिळाचं टोक उजेडात धरलं. "तलवार है. मगर म्यान में."

तेवढ्यावर भागणार होतं. जाहिरात करून झाली होती. त्या संध्याकाळी शहापूरचा तंबू भरला.

पहिल्याच दृश्यात धो धो पाऊस आणि डोंगरातून उतरणारा एक माणूस. अंगावर गवताचं विणलेलं पांघरूण, पायात गवताच्याच वहाणा, कमरेला तलवार. तंबूत आरडाओरडा झाला, "इरलं! अरे, इरलं घातलाय त्यानं!" पुढे उतरत्या डोंगरावरची भातखाचरं दिसली, चिखलात वाकलेल्या बायका दिसल्या, हातात रोपांच्या मुठी. लोक खूश. परदेशात लोक भात लावतात हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. मग नदी, लाकडी पूल, आणि पुलाजवळच्या खोपटात एक म्हातारी. तिनं त्या माणसाला वाटीत पेज वाढली.

इथे दामूअण्णांनी माइक जवळ ओढला. "मंडळी, नीट बघा. ही त्याची जन्मदाती. लहानपणी पुरात वाहून गेलेला हा तिचा एकुलता एक लेक. पण माउलीला अजून ओळख पटलेली नाही!"

बायकांच्या बाजूला पदर डोळ्यांना लागले. मी बाहेरून ऐकलं आणि निर्धास्त झाले. बायका रडल्या की दुसऱ्या दिवशी बहिणींना घेऊन येतात.

शेवटच्या रिळापर्यंत सगळं ठीक चाललं होतं. दामूअण्णांची माय-लेकरांची गोष्ट रंगत गेली. "आता ओळखेल! आता ओळखेल!" असं ते प्रत्येक वाटीला म्हणत होते. आणि मग तो माणूस एका पहाटे उठला, इरलं अंगावर घेतलं आणि पूल ओलांडून निघून गेला. म्हातारीला हाकही मारली नाही. दिवे लागले.

क्षणभर कोणाला काही कळेना. मग पाठीमागून एक जण ओरडला, "आयला न भेटता गेला?"

"रीळ कापलाय यांनी!"

"आमची फसवणूक केलीत! लेक भेटलाच नाय!"

पहिलं ढेकूळ पडद्यावर बसलं. दामूअण्णा माइकवरून सांगायला गेले की तो परत येणार आहे, पुढच्या भागात येणार आहे, आणि त्यानं आग आणखी भडकली. खुर्च्या मोडल्या, पडदा फाटला, एका बाजूची कनात दोरांसकट खाली आली. लतीफभाई यंत्राला मिठी मारून उभे राहिले म्हणून यंत्र वाचलं. ज्या प्रेक्षकाच्या पायाला खुर्ची लागली तो नेमका कचेरीतल्या शिरस्तेदाराचा मेहुणा निघाला.

सकाळी मामलेदारांनी बोलावलं. परवाना ठाण्याच्या कलेक्टर कचेरीतून मिळायचा, पण दर वर्षी तो वाढवून मिळण्यासाठी दोन्ही तालुक्यांच्या मामलेदारांचा शेरा लागे. म्हणजे त्यांनी लिहायचं की या तंबूनं शांतताभंग होत नाही. माझ्या परवान्याचं वर्ष संपत आलं होतं.

"बाई, माझा शेरा काय असणार हे तुम्हाला कळलंच असेल," ते म्हणाले.

"चित्रपटाचा दोष नाही, साहेब. सांगण्यात चूक झाली."

"तक्रार तर अशी आहे की चित्रपटच वाईट आहे. माणूस आईला लाथाडून जातो."

"ती त्याची आई नाही."

"मग कोण आहे?"

मला ठाऊक नव्हतं. मी चित्रपट पाहिला कुठे होता! मामलेदारांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "तुमचा पुढचा मुक्काम मुरबाडला ना? मग हाच चित्रपट तिथे दाखवा. तिथले फौजदार येऊन बसतील. शांततेत पार पडला तर त्यांच्या शेऱ्यावरून आम्ही मामलेदार आमचा लिहू. पुन्हा गोंधळ झाला तर तंबू गुंडाळायचा, कायमचा."

"साहेब, दुसरा चित्रपट मागवते. भक्तिपर."

"नाही. हाच. गोंधळ चित्रपटानं होतो की तुमच्यामुळे, ते एकदा कळू दे."

तंबू ट्रकवर चढवून आम्ही मुरबाडच्या वाटेला लागलो. किन्हवलीच्या पुढे रस्ता असा की बोलायला तोंड उघडलं तर जीभ चावली जावी, तेव्हा कोणीच बोललं नाही. माझ्या डोक्यात मात्र एकच गोष्ट फिरत होती. तंबूवर लतीफभाईंचं घर चालत होतं, दामूअण्णांचं चालत होतं, इंजिनवाला आणि दारावरचा माणूस पोसला जात होता, माझ्या मुली शिकत होत्या. आणि आमचं सगळ्यांचं भवितव्य एका जपानी माणसानं म्हातारीला न विचारता पूल ओलांडण्यावर येऊन ठेपलं होतं.

मुरबाडला तंबू उभा राहिला, पडद्याला ठिगळ लागलं. दिवेलागणीला मी लतीफभाईंना म्हटलं, "यंत्र लावा. मला बघायचाय."

"कौन देखेगा, आप?" ते हसलेच.

रिकाम्या तंबूत मी एकटी पहिल्या खुर्चीवर बसले. चित्राखाली इंग्रजी अक्षरं येत होती. माझं इंग्रजी शाळेतलं, हळूहळू वाचायचं. पण फारशी घाई नव्हती, कारण तो माणूस जवळजवळ बोलतच नव्हता.

गोष्ट साधी होती. गावच्या जहागीरदाराची माणसं शेतसारा म्हणून बियाण्याचं भात उचलून नेणार असतात. बियाणं गेलं तर पुढच्या वर्षी गाव उपाशी. गावकरी या तलवारवाल्याच्या पाया पडतात. तो त्यांच्याकडे बघतो आणि भिंतीला टेकून झोपतो. गावकरी त्याला भेकड म्हणतात. त्याचंही त्याला काही नाही. सकाळी उठून तो म्हातारीच्या खाचराचा फुटलेला बांध घालायला लागतो, गुडघाभर चिखलात. तो कोण, कुठला, एवढी मोठी तलवार असून कोणाच्या चाकरीत का नाही, काही कळत नाही. म्हातारी एकदा त्याला नाव विचारते. तो तिच्याकडे बघतो आणि विचारतो, "पेज आहे का?"

मला पहिल्यांदा त्याचा राग आला. आमच्या धंद्यात ज्याला नाव नाही अशा माणसाची जाहिरात कशी करायची! पण दुसऱ्या रिळानंतर मी कनातीकडे बघायचं विसरले. त्या नटाचे खांदे बघण्यासारखे होते. तो बसला असला तरी वाटे की हा ऐकतोय. आमच्याकडच्या पडद्यावरचे वीर लढण्याआधी एवढं बोलतात की शत्रूला पळून जायला वेळ मिळावा. हा बोलत नाही, म्हणून तो काय करील हे कळत नाही, आणि कळत नाही म्हणून आपण त्याच्यावरून नजर काढत नाही. शेवटी बियाणं लादलेले घोडे पुलाशी येतात तेव्हा तो पुलाच्या मधोमध मांडी घालून पेज पीत बसलेला असतो. "बियाणं ठेवून जा," एवढंच म्हणतो. तलवार बाहेर येते आणि परत म्यानात जाते, मध्ये काय झालं ते मला दिसलंच नाही. लतीफभाईंना रीळ मागे घेऊन परत लावायला सांगितलं. तेव्हाही दिसलं नाही.

आणि मग ती पहाट. म्हातारी कूस बदलून पडलेली आहे. झोपलीय की नाही, सांगता येत नाही. तो वाटी नदीवर धुतो, खोपटाच्या उंबऱ्यावर पालथी घालतो, आणि जातो. शहापूरला ही वाटी कोणाच्या लक्षातच आली नव्हती. दामूअण्णा तेव्हा "ओळखेल, ओळखेल" म्हणत होते.

दिवा लागला तेव्हा दामूअण्णा तंबूच्या दारात उभे होते. त्यांना म्हटलं, "उद्या तुम्ही माइकवर बसायचं नाही."

त्यांना ते खरंच वाटेना. "मग कोण बसणार?"

"मी."

"तुम्ही? वहिनी, तुम्हाला तिकिटं फाडायला येतात, गोष्ट सांगायला नाही. लोकांना नातं लागतं. कोणाचा कोण हे कळलं नाही तर माणूस सिनेमा बघेल कशाला?"

"नातं तुम्ही लावलंत आणि तंबू खाली आला."

"मुलगा नको तर पुतण्या करू. पुतण्या न सांगता गेला तर कोणी दगड मारत नाही."

एरवी मी हसले असते. "तो कोणी नाही, दामूअण्णा. त्यानं सांगितलेलं नाही, आपण सांगायचं नाही."

"आणि लोकांनी विचारलं तर?"

मी खुर्ची उचलून रांगेत लावली. दामूअण्णा न जेवता झोपायला गेले. इतक्या वर्षांत त्यांनी माझ्या हातचं अन्न टाकलं ते तेवढं एकदाच. मी त्यांचा अपमान केला होता हे मला कळत होतं, पण अपमान निस्तरायला सवड नव्हती.

दुसरा दिवस बाजाराचा. शहापूरची बातमी आमच्या आधी मुरबाडला पोचली होती. भाजीवाली मला म्हणाली, "बाई, तुमच्या शिनेमातला मानूस आयला मारतो म्हनतात, खरा काय?" म्हटलं, येऊन बघ. ती म्हणाली, "येनार तर हायेच. धोंडे आनू का?" आणि खदखदून हसली. मला हसू आलं नाही. दुपारी मी आणि दारावरच्या माणसानं तंबूच्या आजूबाजूची ढेकळं वेचून लांब टाकली. बघणाऱ्यांना वाटलं, बाई मोठी टापटिपीची आहे.

संध्याकाळी तंबू गच्च भरला. बायकांची बाजूही भरली. पुढच्या खुर्चीत फौजदार, मांडीवर वेताची छडी, दोन शिपाई कनातीशी. दामूअण्णा कुठे दिसत नव्हते. मला वाटलं, रागावून गेले कल्याणला घरी. मी स्टुलावर बसले आणि माइक हातात घेतला. माझा श्वास माइकमधून तंबूभर ऐकू येत होता.

"नमस्कार. हा चित्रपट जपानचा आहे," मी म्हटलं. "भाताचा गाव आहे. जहागीरदाराची माणसं बियाणं न्यायला येणार आहेत. म्हातारीचं खोपट पुलाजवळ आहे. बाकी तुम्हीच बघा."

"आन् हा कोन?" इरल्यातला माणूस दिसताच मागून आवाज आला.

"त्यानं सांगितलेलं नाही."

"नाव काय त्याचा?"

"तेही सांगितलं नाही."

"मंग तुला म्हायती तरी काय हाय गो बाई?"

तंबू हसला. फौजदार हसले नाहीत. छडी एका मांडीवरून दुसऱ्या मांडीवर गेली. पुढची दोन रिळं मी फक्त खालची अक्षरं जमतील तशी मराठीत सांगितली. अक्षरं आली नाहीत तिथे गप्प बसले. गप्प बसणं हे किती कष्टाचं काम आहे हे ज्यानं माइक हातात घेऊन केलंय त्यालाच कळेल. तंबूत इंजिनाची धडधड, यंत्राची कुरकुर आणि मधूनच कोणाचा तरी खोकला. लोक कंटाळले की आधी खोकतात, मग बोलतात, मग उठतात. हे मी कनातीबाहेरून वर्षानुवर्षं ऐकलेलं होतं.

म्हातारीनं नाव विचारलं आणि त्यानं पेज मागितली, तेव्हा तंबूत असा हशा पिकला की मी दचकलेच. एक जण मोठ्यानं म्हणाला, "बरोबर हाय! आदी पोटात घाल, मंग नाव विचार!" त्यानंतर खोकला कमी झाला.

आणि मग, घोडे पुलाशी आले, तो मांडी घालून बसलेला, आणि पडदा पांढराफटक झाला. फिल्म तुटली होती.

लतीफभाई तुटलेली टोकं खरवडून, फिल्म चिकटवायचं सिमेंट लावून जोडत. त्याला दोन-चार मिनिटं लागत आणि तेवढी मिनिटं दामूअण्णा कंदील हलवत काहीबाही सांगून रेटून नेत. आता माइक माझ्या हातात होता. शिट्ट्या सुरू झाल्या. शिपाई पुढे सरकले. फौजदार उभे राहिले.

"बोल की गो! फुडं काय होतं?"

"मारतो काय तो?"

मी माइक तोंडाशी नेला. "फिल्म तुटली आहे. लतीफभाई जोडताहेत. पुढे काय होतं ते मला माहीत आहे, पण मी सांगणार नाही."

"असा काय करतेस?"

"तुम्हाला काय वाटतं, तुम्हीच सांगा."

हे मी ठरवून म्हटलं नव्हतं. तोंडातून निघून गेलं, आणि मला वाटलं, संपलं, आता ढेकूळ येणार. त्याऐवजी एक जण ओरडला, "तो लष्करातून पळाल्याला हाय. माझा मावसभाव तसाच आला व्हता, असाच गप."

"नाय रे, त्याच्या हातून कोन तरी मेलाय. म्हनून तलवार काढीत नाय."

"भ्यालाय तो, दुसरा काय!"

"भ्याला अस्ता तर पुलावर बसला अस्ता काय? तू बस बघू!"

बायकांच्या बाजूनं एक बाई उठून उभी राहिली. कातकरी वाडीवरची. दर वर्षी भातं झाली की घरदार बंद करून विटांच्या भट्ट्यांवर कामाला जाणाऱ्यांपैकी. ती म्हणाली, "तुमी सगले येडेच. तो कामाला आल्याला मानूस हाय. तिनं पेज घातली, त्यानं बांद घातला. उद्या दुसऱ्या गावाला जाईल. कामावरच्याला नाव कोन विचारतो काय?"

कोणी तिला हसलं, कोणी "बरोबर" म्हणालं, पलीकडून लष्करवाला अजून भांडतच होता. अख्खा तंबू एकमेकांशी वाद घालत होता आणि माझ्याकडे कोणाचंच लक्ष नव्हतं. फौजदार माझ्या बाजूला वाकले. "हा पोलीस खात्यातला तर नाही ना?" त्यांनी हळूच विचारलं. "वेष पालटून?"

"असू शकेल, साहेब," मी म्हटलं. ते समाधानानं खाली बसले.

चित्र परत आलं. "बियाणं ठेवून जा." तलवार बाहेर आली आणि आत गेली. पुरुषांच्या बाजूनं एकच आवाज निघाला, जोरात श्वास घेतल्यासारखा. मग पहाट. त्यानं वाटी धुतली, उंबऱ्यावर पालथी घातली, आणि पूल ओलांडला. दिवे लागले.

कोणी हललं नाही.

शहापूरलाही असंच झालं होतं, ढेकळाच्या आधी. मी माइक घट्ट धरून बसले. काही बोलावं, आभार मानावेत, उद्याचा खेळ सांगावा, असं शंभरदा मनात आलं, तरी मी माइक तोंडाशी नेला नाही. फौजदारही वळून लोकांकडे बघत होते.

मग बायकांच्या बाजूनं कोणीतरी म्हातारी, स्वतःशीच बोलावं तसं म्हणाली, "भांडा धुऊन ठेवला बग त्यानं."

"व्हय गो," दुसरी म्हणाली.

आणि लोक उठले. वहाणा शोधू लागले, कंदील पेटवू लागले, एकमेकांना हाका मारू लागले. मी कनातीशी जाऊन उभी राहिले, माणसं बाहेर पडत होती आणि तीच बोलणी सुरू होती: लष्कर, पोलीस, खून, मजुरी. पडद्यामागून बाहेर पडलेले काही जण तर हटूनच बसले की तो डावखुरा होता आणि डावखुऱ्याची तलवार कोणालाच दिसत नाही.

फौजदार थांबले होते. "शेऱ्यात काय लिहू? हा माणूस कोण म्हणून लिहू?"

"लिहा, खेळ शांततेत पार पडला."

त्यांनी ते मान्य केलं. जाता जाता म्हणाले, "उद्या मंडळींना घेऊन येतो. त्यांना विचारायला हवं." पुढे यथावकाश ठाण्याहून परवाना वाढवून आला.

झाडलोट करायला मी पडद्यामागे गेले तर तिथे रिकाम्या जमिनीवर दामूअण्णा बसलेले. निम्म्या तिकिटाच्या जागेवर, गुडघे पोटाशी घेऊन. पूर्ण चित्रपट त्यांनी तिथूनच, उलटा, पाहिला होता. बहुधा आयुष्यात पहिल्यांदा, न बोलता.

त्यानंतरही त्यांनी माइक हातात घेतला, पण थोडीच वर्षं. वाड्यांवर रेडिओ आले, हिंदी कळू लागलं, सांगणारा मागे पडला. पुढे तंबूही गेला. मला तंबूचं फारसं वाईट वाटत नाही, कापडच ते. दामूअण्णांना मात्र मी लोकांसमोर नाही तरी लतीफभाईंसमोर खाली उतरवलं होतं, ते आजही खुपतं.

पण त्या संध्याकाळी त्यांच्या तोंडावर राग नव्हता. मला बघून ते पुढे सरकले आणि एकदम म्हणाले, "वहिनी, मला कळलं तो कोण आहे ते."

वाटलं, आता हे उद्या माइक मागणार. तरीही मला ऐकायचं होतं. खरंच ऐकायचं होतं. मी तिथेच जमिनीवर टेकले. "कोण?"

दामूअण्णांनी तोंड उघडलं. मग माझ्याकडे बघितलं, पडद्याच्या ठिगळाकडे बघितलं, आणि विचारलं, "चहा आहे का?"

मी उठले आणि आधण ठेवलं.